दारू सुटल्यानंतरची संध्याकाळ

भारतात न पिणारी माणसं बहुसंख्य आहेत, हे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या शनिवारच्या पार्टीत सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू पितात, पुरुषांत 27.3 टक्के, बायकांत 1.6 टक्के. उरलेले पंच्याऐंशी टक्के लोक कसलीही शपथ न घेता रोज शुद्धीत जगतात. त्यांच्या सुखाबद्दल कुणी लेख लिहीत नाही, लिहायची गरजही नाही.

प्रश्न आहे तो प्यायला लागून मग थांबलेल्यांचा. याच पाहणीचा अंदाज असा, की सुमारे 5.7 कोटी भारतीयांना दारूपायी होणाऱ्या त्रासावर मदतीची गरज आहे, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. ते घेऊन जो सोडतो, त्याला पुढे काय मिळतं? 'दारू वाईट' हे सांगणारं लिखाण आपल्याकडे ढीगभर आहे. सुटल्यावर आयुष्य नेमकं कशाने बरं होतं, किती दिवसांनी होतं, आणि कुणाचं होत नाही, याबद्दल मात्र आपण दोन-चार गुळगुळीत वाक्यांवर भागवतो. तब्येत सुधारते, पैसा वाचतो, घरात शांतता नांदते. तिन्ही खरं आहे. पण ते या क्रमाने येत नाही, आणि तिसरं तर आपोआप येतच नाही.

मराठी माणसाच्या मनातला दारुडा अजूनही राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर आहे. 'एकच प्याला' 1919 साली, गडकरी गेल्यानंतर रंगभूमीवर आलं. या नाटकाबद्दल बोलताना सगळे पहिल्या प्याल्याविषयी बोलतात. मला त्यातला मधला टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. सुधाकर दारू सोडतो, मनापासून सोडतो. मग काम मागायला जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे जातो, तिथे अपमान गिळतो आणि पुन्हा बाटलीकडे वळतो. त्याला पिण्याच्या नादी लावणाऱ्या तळीरामाचं आणि त्याच्या पिणाऱ्या मंडळाचं दार त्याच्यासाठी सदैव उघडं होतं. सभ्य माणसांची दारं बंद होती. शंभर वर्षांनंतर या विषयावरचे शोधनिबंध चाळले, तर बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट आकड्यांत मांडलेली सापडते.

आधी शरीराचं. इथे एक इशारा अगदी ठळकपणे द्यायला हवा. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, ती थरथर थांबवायला ज्याला सकाळीच घोट घ्यावा लागतो, त्याने मनाच्या हिय्यावर एका दिवसात बंद करू नये. अचानक तोडलेल्या दारूने झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली माणसं दिसतात, आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. हे पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं आणि ब जीवनसत्त्व घेत काढायचे असतात. 'खरा मर्द असशील तर आजपासून सोड' असं आव्हान देणारे नातेवाईक प्रेमापोटी बोलत असतात, पण ते धोक्याचं बोलत असतात.

हे दिवस पार पडले की शरीर आश्चर्य वाटावं इतक्या तत्परतेने साथ देतं. यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. सिरोसिस झालेलं यकृत पूर्वीसारखं होत नाही, पण थांबलेल्याचं आयुष्य न थांबलेल्यापेक्षा वाढतं. लंडनमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली 94 माणसं व्यसनी नव्हती, नेमाने बऱ्यापैकी पिणारी होती. महिनाभर न पिता राहिल्यावर त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध सरासरी पाव हिश्शाने घटला, रक्तदाब आणि वजन उतरलं, कर्करोगाच्या वाढीशी निगडित असलेली रक्तातली काही द्रव्यंही कमी झाली. दारू हे कर्करोग घडवणारं द्रव्य आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1988 सालीच नोंदवून ठेवलंय. जानेवारी 2023 मध्ये संघटनेने आणखी स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. 'रोज एक पेग हृदयाला चांगला' हे वाक्य त्यामुळे आता फक्त चकण्याबरोबर चघळण्यापुरतं उरलं आहे.

झोपेची गोष्ट जरा तिरकी आहे. दारू माणसाला लवकर झोपवते, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तोडते आणि स्वप्नांची झोप कमी करते. म्हणून सोडल्यावर चांगली झोप लागेल असं वाटतं, आणि लागत नाही. वर्षानुवर्षं प्यायलेल्या माणसाची झोप रुळावर यायला आठवडे नाही, कधीकधी महिने लागतात. हे आधी सांगितलं नाही, तर रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेला माणूस म्हणतो, 'यापेक्षा प्यायचो तेव्हा बरा झोपायचो.' आणि त्या क्षणी त्याचं म्हणणं खोटंही नसतं.

पैशाचा हिशेब सोपा आहे, म्हणून तो चटकन उरकतो. रोजचे दोनशे रुपये दारूवर जात असतील तर वर्षाला 73,000 होतात. चकणा, सिगारेट, परतीची रिक्षा आणि कामाचे खाडे यात धरलेले नाहीत. पण पैसा वाचावा म्हणून दारू सोडली असा माणूस क्वचित भेटतो. पैशाने माणूस थांबत असता, तर महागाईनेच व्यसनमुक्ती झाली असती.

खरा प्रश्न आनंदाचा आहे. त्यावर मला जो अभ्यास सगळ्यात प्रामाणिक वाटतो, तो हार्वर्डच्या जॉन केली आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांचा देशव्यापी नमुना घेऊन, सुटून किती काळ लोटला आणि त्याबरोबर जगण्याचा दर्जा, आनंद, स्वतःबद्दलचा आदर कसे बदलत जातात, हे त्यांनी तपासलं. एकूण चित्र चढतं आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत जगणं झपाट्याने सुधारतं आणि पुढेही सावकाश सुधारत राहतं. पण या आलेखाच्या सुरुवातीला एक खड्डा आहे. पहिल्या वर्षात आनंद आणि स्वाभिमान वाढण्याऐवजी आधी घसरतात.

या खड्ड्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. त्याचं कारण समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. दारूने मेंदूतली सुखाची यंत्रणा इतकी ताणलेली असते, की साधा चहा, साधी गाणी, साधं जेवण तिला काही काळ जाणवतच नाही. त्यात धुंदीत झाकलेलं सगळं एकदम उघडं पडतं: कर्ज, तुटलेलं नातं, मुलांनी बोलणं सोडलेलं, नोकरीतली बदनामी. शुद्धीवर आलेल्या माणसाला सर्वांत आधी काय दिसत असेल, तर शुद्धीत नसताना त्याने काय काय करून ठेवलं ते. अशा माणसाला 'सोडून बघ, किती छान वाटेल' असं सांगणं ही फसवणूक आहे. समाजमाध्यमांवर आता 'तीस दिवसांत नवा मी' छापाचे व्हिडिओ दिसतात. ज्याला दारूची कधी गरजच लागली नव्हती, अशा माणसाला तीस दिवसांत नक्कीच छान वाटतं. ज्याची ती गरज झाली होती त्याला तीस दिवसांत छान वाटलं नाही, की तो समजतो आपल्यातच खोट आहे, आणि एकतिसाव्या दिवशी पितो.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'वाल्यांना, म्हणजे 'ए.ए.'च्या लोकांना, हा खड्डा अनुभवाने ठाऊक आहे. त्यांनी 1975 साली काढलेल्या एका छोट्या पुस्तिकेतले सल्ले आजही उपयोगी पडतात, आणि ते इतके घरगुती आहेत की हसू यावं. प्यायची ओढ लागली की काहीतरी गोड खा. उपाशी राहू नका, फार दमू नका, रागात आणि एकटेपणात तासन् तास बसू नका. जन्मभराची शपथ घेऊ नका, आजचा दिवस काढा. महाराष्ट्रात ए.ए.च्या बैठकीला गेलात तर 'आजचा दिवस' हे शब्द इतक्यांदा कानावर पडतात, की नवख्याला ती पोपटपंची वाटते. ज्याला संध्याकाळी सात ते रात्री दहा हे तीन तास डोंगराएवढे वाटतात, त्याला मात्र त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

ए.ए.ची सुरुवातच एका अशा संध्याकाळी झाली. 1935 साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा दलाल ओहायोतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काम फसलं, हॉटेलमध्ये एकटा पडला, समोर बार. त्याची दारू सुटून थोडेच महिने झाले होते. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. उपदेशकासाठी नव्हे, आणखी एखाद्या दारुड्यासाठी, कारण त्याच्याशी बोललो तर आज आपण पिणार नाही, असं त्याला वाटलं. त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद भेटला. 10 जून 1935 या दिवशी डॉ. बॉब शेवटचे प्यायले. हाच दिवस ही संघटना आपला स्थापनादिन मानते. मदत देणाऱ्यालाच मदतीची जास्त गरज होती, हे या सुरुवातीचं वैशिष्ट्य.

ए.ए.वर आक्षेप कमी नाहीत. 'उच्च शक्ती'ची भाषा नास्तिकाला खटकते. आपण दारूपुढे हतबल आहोत हे कबूल करणं काहींना अपमानाचं वाटतं. आकडेवारी नाही, असंही बरीच वर्षं म्हटलं जायचं. त्या शेवटच्या आक्षेपाला 2020 मध्ये बऱ्यापैकी उत्तर मिळालं. जॉन केली, स्टॅनफर्डचे कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेर्री यांनी कॉक्रेन संस्थेसाठी 27 अभ्यासांचा, दहा हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारात वर्षाअखेर पूर्ण कोरडे राहिलेले 42 टक्के निघाले, इतर मानसोपचारांत 35 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. पण ज्या पद्धतीत फी नाही, डॉक्टर नाही, फक्त शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत मांडलेल्या खुर्च्या आणि चहा आहे, तिच्यासाठी हा निकाल मोठाच म्हणायचा.

त्याच्याही आधी, 1983 मध्ये, जॉर्ज वायलंट यांनी दारूबाजांच्या आयुष्याचा दीर्घ अभ्यास ग्रंथरूपात मांडला होता. हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतली मुलं, अशा दोन गटांना त्यांनी दशकानुदशकं न्याहाळलं. ज्यांची दारू सुटली आणि सुटलेलीच राहिली, त्यांच्या आयुष्यात चार गोष्टींपैकी एखाद-दोन तरी दिसल्या: दारूची जागा घेणारा दुसरा नाद, कुणाची तरी नियमित नजर, नवं प्रेमाचं नातं, आणि ए.ए.सारखा किंवा धर्माचा नवा गोतावळा. पाच वर्षं सलग न पिता काढली की पुन्हा पडण्याचं प्रमाण फार कमी होतं, असंही त्यांना दिसलं. वायलंट पुढे ए.ए.च्या विश्वस्त मंडळावर गेले, तेव्हा त्यांचं कौतुक थोडं जपून घ्यावं. तरीही या चार गोष्टींत इच्छाशक्तीचा उल्लेख नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीत दुसरं माणूस आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांस सुटतं. गावोगाव अशी माणसं आहेत, की ज्यांना ना डॉक्टर माहीत ना समुपदेशक. 'माळ घातली आणि सुटली' एवढंच ती सांगतात. माळेत औषध नसतं. माळेबरोबर एकादशी येते, भजनाचा फड येतो, आषाढीची दिंडी येते, आणि संध्याकाळी बसायला दुसरी जागा मिळते. माळ तोडली तर गाव विचारतं, ही वायलंट यांची 'नियमित नजर'. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले तेही झाडू हातात घेतलेल्या माणसांच्या गर्दीत, एकांतात नव्हे. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 मध्ये दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे. ती एकेकट्या माणसाने घरात बसून घेतलेली नव्हती, लाखोंनी एका मैदानावर घेतली होती. दारू सोडणं हे तिथे आत्मसन्मानाच्या नव्या जगण्याचं एक अंग झालं. ज्या वस्त्यांत ते जगणं रुजलं तिथे प्रतिज्ञा टिकली. जिथे जयंतीच्या मिरवणुकीपुरतं उरलं तिथे टिकली नाही. माळकऱ्यांचंही तेच. हा माझा अंदाज आहे, पण या दोन्ही परंपरा जवळून पाहणारा कुणी तो अगदीच फेटाळेल असं वाटत नाही.

देव लागतोच का, या प्रश्नाचं उत्तरही महाराष्ट्रातच आहे. साताऱ्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन'च्या माध्यमातून व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. दाभोलकरांच्या कामात उच्च शक्तीला किती जागा असेल हे सांगायला नको. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. त्याच्या मुळाशी अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर केलेलं लिखाण होतं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभं केलं. मुक्तांगणची रीत बघितली तर तिथेही औषधाचा भाग थोडा आणि माणसांचा भाग मोठा आहे. बरे झालेले रुग्णच तिथे कार्यकर्ते म्हणून थांबतात. अवचट स्वतः ओरिगामी, लाकूडकाम, बासरी असे छंद जोपासणारे होते. व्यसनमुक्ती केंद्रात छंदांना काय महत्त्व, असं वरवर वाटतं. पण रिकामी झालेली संध्याकाळ कशाने तरी भरावीच लागते, हे ज्याला कळलं त्याला छंद हा विरंगुळा वाटत नाही.

आता घराचं. सोडण्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस घरात असतं आणि सगळ्यात मोठी चकमकही घरातच होते. नवरा पीत होता तेव्हा बायकोने घर चालवलं. बँक, शाळेची फी, सासूचं औषधपाणी, दिराशी भांडण, सगळं तिने निभावलं. तिला त्याची सवय झाली, कसबही आलं. नवरा शुद्धीवर येतो आणि दुसऱ्या महिन्यात विचारतो, 'मला न विचारता हे का केलंस?' त्याला वाटतं, मी एवढी मोठी गोष्ट सोडली, आता माझी खुर्ची मला परत द्या. तिला वाटतं, एवढ्या वर्षांचा हिशेब कोण देणार? तो घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी ती त्याच्या तोंडाचा वास घेते, आणि त्याचा अपमान होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, ए.ए.च्या जोडीला कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' आहे. त्याचा उपयोग नवऱ्याला सांभाळण्यासाठी कमी आणि तिला स्वतःसाठी जास्त. पिणारी बाईच असेल तर तिच्यासाठी रांगेत उभं राहणारं कुणी नसतं. नवरे बायकांच्या गटांना येत नाहीत.

विश्वास परत मिळायला वर्षं लागतात. मुलं सर्वांत शेवटी मानतात. पण जेव्हा मानतात तेव्हा त्यातून मिळणारं सुख कुठल्याही पेगने दिलेलं नसतं. ए.ए.च्या खुल्या बैठकीत दारू सुटल्याचा 'वाढदिवस' साजरा करतात, तेव्हा केक कापणाऱ्याच्या शेजारी त्याची विशीतली मुलगी उभी असते. अशा वेळी लोकांनी कसलं मोठं तत्त्वज्ञान सांगितल्याचं मला आठवत नाही. बक्षिसं म्हणून त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अशा: रात्री फोन वाजला की छातीत धस्स होत नाही. काल काय बोललो ते आठवतं. लग्नात पुढच्या रांगेत बसवतात. बापाच्या आजारपणात गाडी चालवायला मी होतो. दुसऱ्या कुणालाही या गोष्टी बक्षीस वाटणार नाहीत, त्या आपल्याला फुकटच मिळालेल्या असतात.

कायद्याने यातलं किती साधतं? आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याच्या लेखी पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, चळवळीतून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठवली गेली. गुत्ता दारापासून दूर गेला तर नव्याने सुटलेल्याची वाट नक्कीच सोपी होते. पण बंदीने दुकान हलतं, संध्याकाळ भरत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने सरकारच्या साथीने 2016 पासून 'मुक्तिपथ' चालवला, त्यात बंदीबरोबर गावसंघटना आणि उपचारही जोडले, याचं कारण तेच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सगळ्यांनाच पूर्ण सोडावी लागते असं नाही. काहीजण कमी करतात आणि तिथेच राहतात. सगळ्यांना ए.ए. मानवतच नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधं आहेत आणि डॉक्टरच्या सल्ल्याने ती घेणं म्हणजे कमकुवतपणा नाही. स्लिप होते, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलं जातं, कितीतरी जणांची होते, आणि स्लिप झाली म्हणून आधीची दोन वर्षं खोटी ठरत नाहीत. यकृताने ती दोन वर्षं जमेस धरलेली असतात, मुलीनेही.

न पिणाऱ्या किंवा बेताने पिणाऱ्या वाचकाच्या हातात यातलं बरंच काही आहे. सुटलेल्या माणसाला जेवायला बोलवा, आणि तो येणार असेल त्या दिवशी बाटली काढायची की नाही हे त्यालाच आधी विचारा. 'एकाने काय होतंय' हा आग्रह पुरणपोळीपुरता ठेवा. कंपनीच्या पार्टीत सोडा आणि सरबत कोपऱ्यातल्या टेबलावर लपवून ठेवू नका. नोकरी मागायला आला तर त्याच्या जुन्या गोष्टी त्याच्यासमोर उगाळू नका. कुणाला मदत हवी असेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत. आणि ओळखीतला कुणी पहिल्यांदा बैठकीला निघाला असेल, तर त्या दिवशी त्याच्याबरोबर जा.